पथ्य उमाचं, पोट महांतप्पाचं

मु. माकणी. पौष सरत आला, लढाई सरायचं नाव न्हाय.

सोलापूरकर विहीणबाई इरम्मा यांच्या पायाशी माकणीच्या गौराबाईचा शरणार्थ पोचावा. (रीतीनं बघता पोराची आई मी, वाकायचं ते तुम्ही. पण सध्या गरज माझी आहे, म्हणून वाकले. सवय करून घेऊ नका.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत तो जिना चढू देत न्हाय असं कानावर आलं. एरंडाचं पान गरम करून बांधा, बरं न्हाय होणार, पण बांधण्यात दिवस जातो. व्याही अजून दुकानाच्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला देतात का? देऊ द्या, तेवढं एक अजून रेशनवर आलं न्हाय. तुमची सून तुम्हाला विचारत न्हाय असंही ऐकते. खरं असलं तर कळवा, माझ्या जिवाला तेवढीच सोबत.

माझी खुशाली अशी की मी अजून आहे. लिहिण्याला हसू नका. मठातल्या अय्यानं मला बाराखडी शिकवायला घेतली, ती निम्म्यात असताना माझं लगीन झालं, उरलेली मी पेठेतल्या पाट्या वाचून पुरी केली. पत्राचं कारण सांगते. तुमची लेक उमा कार्तिकात तुमच्याकडं राहिली ती अजून आली न्हाय. घर भकास झालंय, चूल रुसली आहे, तुळशीला पाणी घालायचं सुचत न्हाय, तरी तिला लवकर पाठवून द्यावी, असं तुमच्या जावयाचं म्हणणं आहे आणि ते लिहायला त्यानं मला बसवलंय. (तुळशीला पाणी मीच घालते आणि रोज घालते. पण त्यानं सांगितलं तसं लिहिलं.) आता उमानं तुम्हाला काय सांगितलं आणि काय गिळलं मला ठाऊक न्हाय. ती गिळणारी बाई आहे, भाकरी सोडून सगळं गिळते. म्हणून झालं ते पहिल्यापास्नं लिहिते. वाचायला व्याह्यांना बसवा, त्यांचाही वेळ जाईल.

आधी पोटाचं सांगते, कारण सगळं तिथनंच निघालं. तुमच्या जावयाचं, महांतप्पाचं, पोट तुम्ही लग्नात बघितलंत, तेव्हा ते लहान होतं. बाप गेल्यावर धान्याची अडत अंगावर आली, हा गादीवर बसला, आणि बसला तो बसलाच. पोत्यात ज्वारी पडावी तसा माल पोटात पडत गेला. गंमत अशी की पोट सोडून बाकी कुठं काही पोचलं न्हाय. दंड काडीसारखे, पाय करकोच्याचे. मागनं बघितलं तर माणूस दुष्काळातनं आलेला, म्होरनं बघितलं तर सावकार. आमच्यात पुरुषाच्या कमरंला चांदीचा करदोडा असतो, तो दर पाडव्याला आखूड पडायचा. सोनार येऊन नवी कडी जोडायचा, कडी जोडली की महांतप्पा पेढे वाटायचा, आणि लोक म्हणायचे अडत वाढली. पेठेत पोट बघूनच पत राहते (रोडक्या अडत्याकडं कोण माल घालणार, आज आहे उद्या न्हाय), तेव्हा पेढे मीही खाल्ले. आणि पोट कसं, तर मऊ न्हाय. नगाऱ्यासारखं ताणलेलं, टणक. नातू बोटानं वाजवायचा. आम्ही समजायचो, टणक म्हणजे मजबूत.

तुमच्या लेकीचं उलटं. देवानं तिला कमरंपास्नं खाली सढळ हातानं दिलंय, हे मी लग्नातच बोलले होते आणि तुम्ही त्यावर रुसून जेवायला बसला नव्हता. ते शब्द मी माघारी घेत न्हाय, खरेच होते. मांड्या, कुल्ले, दंड सगळं भरलेलं, मऊ, चिमटीत मावणार न्हाय असं. कंबर मात्र त्या मानानं आवळ. पण कामाला? पाण्याची घागर कमरंवर घेऊन ती नदीचा चढ चढायची, आणि मागनं महांतप्पा रिकाम्या हातानं धापा टाकत यायचा. लोक तिला जाडी म्हणायचे आणि त्याला भारदस्त.

तर मागल्या वर्षीच्या उन्हाळ्यात न्हाणीत मुंग्या लागल्या. भिंतीतनं रांग निघून थेट मोरीच्या तोंडाशी. राख टाकली, हळद टाकली, मुंग्यांना शिव्या दिल्या, हटंनात. गुरुसिद्धप्पा वैद्याला बोलावलं. त्यानं मुंग्या बघितल्या आणि सांगितलं की घरात कुणाला तरी मधुमेह आहे, लघवीतनं साखर चाललीया. (तुम्ही तिकडं कार्ड घेऊन साखरेच्या रांगेत उभ्या राहता, आणि आमच्या घरात साखर तयार होऊन मोरीला लागलेली. आमचं नशीब असंच, देतं ते मोरीत.) न्हाणी साऱ्या घराची, मग मर्ज कुणाला? वैद्यानं आम्हाला ओळीनं बघून घेतलं. मी वाळकी, नातवंडं म्हणजे हाडंच, महांतप्पा घरचा धनी आणि वैद्याला पानसुपारी देणारा. राहिली उमा. महांतप्पाचं पोट म्हणाल तर ते त्याच्या नजरंत आलंच न्हाय, पोट म्हणजे इभ्रत, इभ्रतीला कोण रोग म्हणतं. मी म्हटलं, नाडी तरी बघा. तो म्हणाला, मेद डोळ्यांनी दिसतोय, नाडी कशाला. आणि खरंच बघितली न्हाय.

पथ्य ठरलं. उमाला अर्धी भाकरी, तूप बंद, गूळ बंद, सणाला गव्हाची गुळातली खीर, हुग्गी, बंद (जी तिच्यासारखी उभ्या तालुक्यात कुणाला जमत न्हाय), सकाळी कडुलिंबाचा रस आणि संध्याकाळी कारल्याचा. आणि इथं तुमच्या जावयाचं व्यापारी डोकं चाललं. म्हणाला, घरात रोजचं शिजतं ते शिजणारच, उमाचं उरलेलं वाया कशाला घालवायचं, माझ्या ताटात घाला, मी हल्ली रोडावत चाललोय. आणि तो खरंच रोडावत होता. पोट होतं तिथंच, पण गालफडं बसली होती, दंडावरची बंडी ढिली झाली होती. मला वाटलं अडतीची दगदग. मी वाढत गेले. तिची अर्धी भाकरी, तिचं तूप, तिचा गूळ, सगळं त्याच्या ताटात. म्हणजे धडधाकट बाईला औषध म्हणून उपाशी ठेवायचं, आणि त्या औषधातनं जे उरेल त्यानं आजारी माणसाला मारायचं, असा कारखाना आमच्या घरात वरीसभर चालला. वैद्याच्या सल्ल्यानं आणि शिवाचं नाव घेऊन.

उमा दोन्ही रस नेमानं प्यायली. ती वाळली न्हाय, हीच तिची चूक झाली. तोंड उतरलं, जात्यावर हात थांबायला लागला, पण कंबर जशीच्या तशी. बायका म्हणायला लागल्या, चोरून खाते. शेजारच्या म्हाळसाबाईनं (धनगराची आहे, मेंढरं पारखते, म्हणून माणसंही पारखता येतात असं तिला वाटतं) अक्कल दिली की शिंक्याखाली राख पसरून ठेवा, पाऊल उमटंल. मी पसरली. पाऊल उमटलं. ते महांतप्पाचं.

तिकडं त्याची तहान वाढत चालली. तांब्या पुरंना म्हणून घागर उशाला आली. आम्ही म्हणायचो, मिरची लई खातो. आणि विहीणबाई, अशातच त्यानं ईट गावच्या एका घरी निरोप धाडला की बायको रोगी निघाली, दुसरं घर करायचा विचार आहे, मुलगी असंल तर बोला. हे तुम्हाला ठाऊक नसणार. आता झालं. रागवायचं ते रागवून घ्या, मी थांबते. उमाला मात्र ठाऊक झालं होतं. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरीसुद्धा माघारी सारली, आणि ती त्यानं खाल्ली.

ईटची माणसं शहाणी निघाली. म्हणाली, पहिली बायको खरंच रोगी आहे असा सोलापूरच्या डॉक्टरचा कागद आणा, मग बैठक करू. म्हणून कार्तिकात आम्ही तिघं निघालो, नातवंडं दिवाळीपास्नं तुमच्याकडंच होती. तुमच्या लेकीवर इलाज करायला निघालो असं तुम्हाला तेव्हा कळवलं होतं, ते खोटं होतं. डॉक्टर आण्णासाहेबांचा निरोप होता की सकाळची लघवी स्वच्छ बाटलीत घेऊन या. उमानं ती भरून, फडक्यात गुंडाळून माझ्याकडं दिली आणि पुढं दिवसभर माझ्या तोंडाकडं बघितलं न्हाय.

सडकेपातूर बैलगाडी, तिथनं मोटार. आमचं संस्थान सरून इंग्रजी मुलूख लागतो त्या सरहद्दीच्या नाक्यावर तलाशी झाली. नाकेदारानं गाठोडी सोडली, तूप किती, मिरची किती विचारलं, आणि ती बाटली वर काढली. पिवळी, बूच लावलेली, लेकरासारखी जपलेली. ये क्या है, म्हणाला. तुमचा जावई उर्दू शाळेत शिकलेला, तहसिलीत अर्ज फाडफाड लिहितो, पण बायकोची लघवी हे अदबीनं कसं म्हणायचं ते त्या शाळेत शिकवलं नसावं. म्हणाला, दवा है हुजूर. मग त्या माणसानं दवा हुंगली. मी त्याला दोष देत न्हाय, दारू असंल म्हणून बघणं त्याचं कामच. पण त्या दिवशी काय हुंगलं हे त्यानं घरी सांगितलं नसंल. बाटली त्यानं रस्त्यावर पालथी केली, मातीनं हात घासले आणि बाकीच्या सामानाला बोट न लावता जा म्हणाला.

झाली बाटली रिकामी. पेट्रोल लढाईला गेल्यापास्नं मोटार कोळशावर चालते, ती चढावर थांबली, आणि सारे उतारू खाली उतरले. महांतप्पानं उमापुढं बाटली धरली, परत भर म्हणाला. ती म्हणाली, "रस्त्यात न्हाय." लग्नापास्नं तिनं त्याला न्हाय म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तो बाटली घेऊन तणतणत बाभळीमागं गेला आणि भरून घेऊन आला. मला वाटलं, ओढ्यावर विसळून पाणी भरलंय. विचारलं तर म्हणाला, रिकामं भांडं घेऊन कुणी दारात उभं राहतं का. पक्का अडत्या. नमुना दाखवल्याबिगर सौदा होत न्हाय एवढं त्याच्या रक्तात आहे. नमुना कुठल्या पोत्यातला हेही बघायचं असतं, ते त्या दिवशी विसरला.

डॉक्टर आण्णासाहेब रोडके, चष्मेवाले, बोलायला कंजूष. काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, बाटलीतले थेंब टाकले, दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. साखर भरपूर आहे, म्हणाले. महांतप्पानं सौदा पटल्यावर हलवतो तशी मान हलवली आणि कागद मागितला. (मी म्हणत होते, ओढ्याच्या पाण्यात एवढी साखर?) पण डॉक्टर कागदाला हात लावंनात, उमाकडं बघत बसले. तहान लागते का विचारलं. न्हाय. वरचेवर उठावं लागतं का? न्हाय. भूक लागते? उमा म्हणाली, "लागते. मिळत न्हाय."

मग त्यांनी नर्सबाईबरोबर तिला आत धाडलं आणि ताजा नमुना घेतला. निळं औषध निळंच राहिलं. परत केलं, निळंच. डॉक्टरांनी दोन नळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि ती बाटली कुणाची म्हणून विचारलं. महांतप्पा छताच्या वाशांकडं बघत होता. वर बघतच म्हणाला, घरातलीच आहे.

त्याला मेजावर आडवा घातला. शिंप्याची असते तशी फीत पोटाभोवती ओढली, करदोड्याच्या वर, आणि ती फीत बघून डॉक्टरांच्या भिवया वर गेल्या. पोटाला चिमटा काढून बघितला तर चिमटीत नुसतं कातडं आलं. मला वाटलं, बघा, मेद न्हाईच मुळी. डॉक्टर म्हणाले, कातड्याखाली न्हाय तेच वाईट, सगळा आत आहे, आतड्याला आणि काळजाखालच्या अवयवांना वेढा घालून बसलाय, म्हणून पोट नगारा झालंय. मग त्यांनी धंदा काय विचारला, धान्याची अडत म्हटल्यावर त्यांना बोलायला वाट सापडली.

"तुमच्या बायकोचं धान्य पेवात आहे," ते म्हणाले. "मांड्यांत, कमरेखाली, कातडीच्या लगेच खाली. जमिनीत पुरलेलं धान्य घरात येण्याजाण्याला आडवं येत नाही. तिच्या गुडघ्यांना ओझं होईल, ते वेगळं. तुमची पोती मात्र ओसरीत, माजघरात, चुलीपुढे रचलेली. अंगात एक रस असतो, तो म्हणजे हमाल. रक्तातली साखर उचलून घरोघर पोचवणं त्याचं काम. तुमचे हमाल कामावर येतात, पण दारं उघडत नाहीत. मग साखर रस्त्यावर पडून राहते आणि शेवटी मोरीला लागते."

महांतप्पा म्हणाला, "मग हमाल वाढवू."

"तुमच्या शरीरानं तेच केलं, बरीच वर्षं. आता ते थकायला लागलेत. विलायतेहून त्या रसाची सुई येते, पण लढाईमुळे मिळता मिळत नाही, आणि दारं बंद असताना बाहेरचे हमाल तरी काय करणार? आधी ओसरी मोकळी करा. सगळंच काही पुस्तकात आलेलं नाही, मी रोज या मेजावर बघतो ते सांगतोय. जाड बायका चालत घरी जातात आणि असे काडीच्या हातापायांचे पोटवाले मला वारंवार भेटत राहतात, मग एके दिवशी भेटत नाहीत."

निघताना त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं की सुनेला पोटभर जेवायला घाला. मी आजवर तहसीलदारापुढं खाली बघितलं न्हाय, पण तिथं बघितलं, फरशी चांगली होती. दवाखान्याच्या पायरीवर उमानं पदर नीट केला आणि म्हणाली, "आत्याबाई, आज मी आईकडं जेवते." बास. रडणं न्हाय, भांडण न्हाय. ती तुमच्या गल्लीकडं चालायला लागली आणि आम्ही दोघं रिकामी बाटली घेऊन मोटारीकडं. तिचं ते ‘आज’ अजून संपलेलं न्हाय, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

माकणीला आल्यावर महांतप्पानं गावात सांगितलं की उमाचा इलाज सोलापुरात चालू आहे, बाटली लाल झाली, सगळ्यांनी बघितली. एका अर्थानं खरं बोलला. गावाला कळवळा आला. बिचारा, बायको रोगी, आई म्हातारी, ह्याच्या पोटाला कोण बघणार? (ह्याच्या पोटाला खरंच कुणी बघत न्हाय, हे मी म्हणते.) रोज दारात झाकलेलं ताट. आज पुरणाची पोळी, उद्या शेंगाची, परवा म्हाळसाबाई खरवस घेऊन. मी ताट दारात घेते आणि मागच्या दारानं म्हशीपुढं ओतते. आमची म्हैस सध्या गावात सगळ्यात भारी जेवते. तरी मी म्हातारी, माझा डोळा चुकवून तो पेठेत खातोच, आणि घरी येऊन म्हणतो, आज अन्नावर वासना न्हाय.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मार्गशीर्षात त्याच्या अंगठ्याला चप्पल लागली. बोराएवढी जखम, ती अजून ओली आहे. हळद भरली, लोणी भरलं, गुरुसिद्धप्पाचा लेप झाला, भरायचं नाव न्हाय. त्याला विचारलं तर म्हणतो, दुखत न्हाय. मला दुखण्याचं भ्या न्हाय, त्याच्या न दुखण्याचंच आहे. ह्याच्या बापाचा पाय असाच अंगठ्यापास्नं काळा पडत वर गेला आणि आम्ही म्हणालो, भावकीनं करणी केली. त्यांचंही पोट असंच होतं. त्यांचाच करदोडा मोडून ह्याचा केला, चांदी पुरली म्हणून आनंद झाला होता. भावकीशी मी आजवर बोलत न्हाय. आता बोलायला हरकत न्हाय, पण बोलायला त्यांच्यातलं कोण उरलंय?

मी रडत न्हाय. रडल्यानं जखम वाळत असती तर घराघरात वैद्य असते. पण नवऱ्याला पुरलं ते एक वेळ रीतीत बसतं. लेकाला पुरायला मी थांबून राहिले असं कुणी म्हणू नये, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती कुठल्या देवाकडं करायची ते ठरत न्हाय. गुरुसिद्धप्पाला परवा मी दारातनंच विचारलं, आता मेद कुठं दिसतोय? तो म्हणाला, आजी, पोटाचा आणि मधुमेहाचा संबंध ग्रंथात असा लिहिलेला न्हाय. मी म्हटलं, मग तू ग्रंथालाच पानसुपारी माग.

तेव्हा विहीणबाई, झालंगेलं पोटात घालून (माझ्या सुनेच्या पोटात जागा आहे, वरीसभर रिकामंच होतं) उमाला लवकरात लवकर लावून द्यावी, तिच्याबिगर ह्या घराला कळा न्हाय, अशी तुमच्या जावयाची हात जोडून विनंती. व्याह्यांना शरणार्थ, लेकराबाळांच्या गालावरनं माझा हात फिरवा. शाईत पाणी घालून घालून ती पांढरी पडलीया, म्हणून थांबते.

तुमची विहीण,
गौराबाई

ता. क. वरचं सगळं मी महांतप्पाच्या शेजारी बसून लिहिलं. एवढं काय लिहितीस म्हणून त्यानं विचारलं, मी म्हटलं, तुझी कीर्ती. कागद हातात घेऊन बघितलाही. पण त्याला महिन्यापास्नं ओळी दिसत न्हायत, विहीणबाई. कागद लांब धरतो, जवळ धरतो, मग म्हणतो शाई फिकट आहे. मी म्हणते, आहे बाबा. पेठेत दुसऱ्याकडनं वाचून घेतो आणि लोकांना वाटतं, मोठा माणूस झाला. तर आता त्याचं म्हणणं संपलं, माझं ऐका. उमाला पाठवू नका. तो स्वतः न्यायला आला तरी न्हाय. ती आली की पहिल्या दिवशी तो पाया पडंल, दुसऱ्या दिवशी हुग्गी मागंल आणि तिसऱ्या दिवशी तिच्या ताटाकडं बघायला लागंल. ती न्हाय म्हणायला आत्ताच शिकलीया, ते रोप अजून कोवळं आहे. शिवाय तिच्या हाताला लई चव आहे. मी सध्या स्वैपाक करते तो असा, की आंबील पातळ, ज्वारीच्या कण्या मूठभर, भाजीला तेलाचा वास न्हाय. म्हातारीची जीभ मेली म्हणून तो गावभर सांगतो. माझी जीभ चांगली जिवंत आहे, ते अन्न तोंडात घालताना मलाच कसंसं होतं. पण मागल्या सोमवारी करदोडा घसरतो म्हणून तो सोनाराकडं जाऊन एक कडी काढून आला. तोंड असं, जसं घरात कुणी गेलंय. मी पेढे वाटले न्हायत, पण वाटावेसे वाटले. हे असंच अजून काही दिवस चालू द्या. तुमच्याकडं उमाला पोटभर घाला, हुग्गी तिची तिला करू द्या आणि तिलाच खाऊ द्या. आणि आण्णासाहेबांकडं जाऊन अंगठ्याचं विचारा. पाय वाचायचा तर त्याला कधी आणू, काय सांगून आणू, ते मला लिहा. पत्रात वर शेंगांचा भाव लिहा, पेठेतल्या कुणी वाचून दाखवलं तरी तो पहिल्या ओळीत कंटाळून सोडंल.

आणखी एक. मी अमरपट्टा बांधून आलेली न्हाय, छातीत हल्ली जातं फिरल्यासारखं होतं. मी गेल्याची तार आली तर माझ्या शिवगणाराधनेला गावजेवण होणार, त्याला गोड करावंच लागतं. जंगमांच्या पानात कारलं वाढा असं मी मरतानाही सांगू शकणार न्हाय. त्या दिवशी मात्र उमाला विचारा, येतीस का म्हणून. जबरदस्ती न्हाय. ईटचं विसर असं तिला मी सांगणार न्हाय, मीच विसरले न्हाय. न आली तर मी उठून जाब विचारायला येत न्हाय. पण आली, तर तिला म्हणावं, माझ्या तोंडाकडं बघत बसू नकोस, रडूही नकोस. सरळ पंगतीत जा आणि महांतप्पाच्या पाठीशी उभी राहा. आई गेलेला माणूस आहे म्हणून वाढपी त्याच्याच पानापुढं जास्त थांबतील, घे बाबा, तिच्या नावाचं आहे म्हणतील, आणि तो घेणार. त्याच्या पानावर आडवा हात धरणारं कुणीतरी पायजे, आणि मी तर त्या दिवशी कामाची न्हाय.